सोमवारी रुसणारा डोळा

१ सप्टेंबर, सोमवार

आज मी तांत्रिक सल्लागार झालो! निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत टाकी भरली का, एवढंसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आज एकदम तांत्रिक सल्लागार.

घडलं ते असं. आमच्या गावातल्या बचत गटाच्या बारा बायका टोमॅटोचा सॉस करतात. तालुक्याच्या संघाने त्यांना दोनशे लिटरची स्टीलची कढई तीन महिने वापरायला दिली आहे. खाली लाकडाची भट्टी आणि आत मोटरवर गरगर फिरणारी पाती. पुण्याच्या एका हॉटेलवाल्या कंपनीला सॉस आवडला. पण त्यांचं म्हणणं असं की नुसतं 'उकळी आली' चालणार नाही, प्रत्येक घाण्याचं तापमान यंत्राने मोजून नोंद ठेवा. चोवीस तारखेला त्यांच्या मॅडम तपासायला येणार. पास झालो तर वर्षभराची ऑर्डर आणि कढई कायमची गावात. नापास झालो तर कढई दुसऱ्या गटाकडे जाणार आणि या बाराजणी पुन्हा लोकांच्या रानात वाकून कांदे लावणार.

गटाच्या अध्यक्षा साळूबाई सकाळी ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तापमान मोजायचं यंत्र घ्यायचं हाय. आमाला त्यातलं कळत न्हाई. तुमी इज्ञान शिकवायचे. तुमीच निवडा."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "निवड माझी, जबाबदारी माझी!"

आतून एलिझाबेथचा आवाज आला, "तीस वर्षं दवाखान्यात लोकांचा ताप मी मोजला, आणि सल्लागार कोण? आमचे हे!" हेवा वाटतो तिला. साहजिक आहे.

इथे खाजगीत लिहून ठेवतो. ज्या ज्या शाळेवर गेलो तिथे एकच थर्मामीटर असायचा आणि फुटू नये म्हणून तो कपाटात कुलूपबंद. चौतीस वर्षं मी थर्मामीटर फळ्यावर खडूने काढून शिकवला. चित्र मात्र अख्ख्या पारनेर तालुक्यात माझ्यासारखं कुणाला जमायचं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. एकाही विद्यार्थ्याचा फोन नाही. विसरतात ते, मी नाही विसरत. नोकरीची पहिली दोन वर्षं तर मी इथल्याच शाळेवर होतो. त्या तुकडीतलं कुणीही आज पाठमोरं उभं करा, नावानिशी सांगतो.

असो. नगरला जाऊन आलो. एलिझाबेथचा भाचा डॅनी तिथे एमआयडीसीत कारखान्यांना लागणाऱ्या मापन-यंत्रांच्या दुकानात आहे. त्याने माझ्यासमोर टेबलावर एकेक सेन्सर असा मांडला की सोनाराकडे आल्यासारखं वाटलं.

"काका, आधी सांगा, किती गरम, कुठे मोजायचं, आणि मध्ये काय येतं?"

मी म्हणालो, "तू नुसता दाखव."

पहिला 'पीटी हंड्रेड'. पेन्सिलीएवढी स्टीलची सळई, आत प्लॅटिनम. गरम झालं की प्लॅटिनममधून वीज जाताना जास्त अडते, त्यावरून तापमान कळतं. अगदी अचूक. दुसरा थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. दणकट आहे, हजार डिग्रीला डरत नाही, पण अंशा-दोन अंशांचा फरक पडू शकतो. तिसरा एक काळा डबीसारखा डोळा. हा कशालाच शिवत नाही, लांबून नुसता बघतो आणि आकडा सांगतो! मला तर गुदगुल्याच झाल्या. पण सल्लागाराने पोरकटपणा करायचा नसतो, म्हणून मी गंभीरपणे पीटी हंड्रेड निवडला. डॅनीने वापरून बघायला दिला.

८ सप्टेंबर, सोमवार

पीटी हंड्रेड कढईच्या काठावरून आत सोडून बसवला. आकडा चढू लागला. चाळीस, पन्नास, बावन्न... बायका माना उंचावून बघत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि खट्ट! पात्याने सळई मोडली.

एकूण आयुष्य सव्वातीन मिनिटं. कढईत पाती फिरतात हे मला माहीत होतं, नाही असं नाही. पण मोटर चालू नसताना माप घेतलं होतं.

१० सप्टेंबर, बुधवार

थर्मोकपलची तार काठावरून आत सोडली. पात्याने ती शेवयांसारखी गुंडाळून घेतली.

डॅनीला फोन केला. तो म्हणाला, "काका, मी 'मध्ये काय येतं' म्हणून विचारलं होतं."

साळूबाईंनी सॉसमधून तारेचे सगळे तुकडे, अगदी केसाएवढा बारीकसुद्धा, शोधून काढले आणि घाणा टाकून दिला. मला फार वाईट वाटलं. सव्वाशे किलो टोमॅटो होते ते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

डोळा! डोळा! डोळा!

डॅनी स्वतः मोटारसायकलवर घेऊन आला. आधी वरून सॉसवर रोखला, तर वाफेने काच धुरकटली. मग माझ्याच डोक्यात कल्पना आली (तारीख वर आहेच) की कढईची बाजू बघायची. भट्टीच्या विटांवर कढई हातभर उघडी राहते. तिथे समोर खांबावर डोळा बसवला. ना पात्याची भीती, ना वाफेची. सॉस उकळला आणि आकडा आला ब्याण्णव! बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला, आता वाटतं जरा जास्तच वाकलो.

डॅनी निघताना म्हणाला, "काका, ह्याच्यात एक सेटिंग असतं. समोरचा पृष्ठभाग कसा आहे त्यावर..."

"डॅनी," मी म्हणालो, "तू मला पृष्ठभाग शिकवतोस?"

हसून गेला बिचारा. सोबत इंग्रजी माहितीपुस्तक ठेवून गेलाय. जाडजूड आहे. खिडकी वाऱ्याने आपटते तिथे अगदी बरोबर बसलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

काय झालं देव जाणे. काल रविवार, भट्टी बंद. मी चर्चला आणि बायका साफसफाईला. आज सकाळी सॉस रटरट उकळतोय आणि डोळा म्हणतो सदतीस. सदतीस! एलिझाबेथला कळलं तर म्हणेल, सॉसची तब्येत उत्तम आहे.

मी सगळं तपासलं. वायर बघितली. काच पुसली. खांब हलवून बघितला. कढईत तर काही दोष नव्हता, बायकांनी काल राख आणि काथ्याने अशी लख्ख घासली होती की तिच्यात बघून मी मिशी नीट केली. शेवटी डोळा दोन इंच पूर्वेला सरकवला. सगळ्यांना समजावून सांगत होतो तेव्हा साळूबाई मागे हात वर करून माश्या हाकलत होत्या. इतक्या गंभीर चर्चेत माश्या!

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी सत्तर. संध्याकाळपर्यंत शहाऐंशी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ब्याण्णव, एक्क्याण्णव, ब्याण्णव. दोन इंच पूर्वेचा गुण आला म्हणायचा! धुराने कढई पुन्हा काळीकुट्ट झालीय, दिसायला घाण, पण डोळा खूश. साळूबाईंना म्हणालो, यंत्राला फक्त समजून घ्यावं लागतं. त्या म्हणाल्या, "व्हय गुरुजी." पुढे आणखी काही म्हणणार होत्या, पण मी पूर्व दिशेचं महत्त्व सांगत होतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. काल बायकांनी घरोघरी भिंतीसुद्धा पुसल्या, कढई तर दोनदा घासली. आणि आज डोळा म्हणतो चाळीस!

आता मी हताश झालो नाही, कारण मी शास्त्रीय पद्धतीने बसलो. वही काढली, दोन आठवड्यांचे आकडे मांडले, आणि सत्य समोर उभं राहिलं. पंधरा तारीख, सोमवार. बावीस तारीख, सोमवार. हा सेन्सर सोमवारी चालत नाही!

एलिझाबेथ हसत हसत पलंगावर बसली. "अहो, उपास धरतो की काय तो?"

मी म्हणालो, सोमवारी आठवड्याची वीज नव्याने सुरू होत असावी, दाब वेगळा असावा. कारण पुढे शोधता येईल, नियम तर सापडला. तपासणी बुधवारी आहे. म्हणजे मी निर्धास्त.

डॅनीला फोनवर हा शोध सांगितला. तो म्हणाला, "काका, कढई घासली होती का..." आणि नेहमीप्रमाणे रेंज गेली. त्याला घरी न्यायला स्वच्छ कढईतला सॉस हवा असेल.

साळूबाईंचा हात आजही वर होता. खांदा अवघडला असणार. एलिझाबेथकडून मलम मागून द्यायला हवं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

उद्या! दुपारी एकोणनव्वद आला, तेव्हाच मी भट्टी बंद करायला लावली. म्हटलं, आता तयारी. पुण्याहून बाई येणार, तिच्यासमोर ही काळी कढई? कढई आरशासारखी दिसली पाहिजे, तोंड दिसलं पाहिजे त्यात!

बारा जणी तुटून पडल्या. आधी राख, मग चिंच, मग लिंबू. मीही बाह्या सरसावून डोळ्यासमोरची बाजू स्वतः घासली, कारण मॅडमची नजर आधी तिथेच जाणार. साळूबाई दोनदा माझ्याजवळ येऊन घुटमळल्या. मी म्हणालो, "साळूबाई, आता बोलायचं नाही, घासायचं!"

संध्याकाळचं ऊन त्या स्टीलवर पडलं आणि शेड उजळून निघालं. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. त्या दिवशी तर झालाच नव्हता, खरं म्हणजे.

२४ सप्टेंबर, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहितो. स्वतःला वाचवून लिहिणार नाही.

मॅडम दहाला आल्या. नाव ज्ञानेश्वरी, पंचविशीची मुलगी, केसांवर जाळीची टोपी, हातात फॉर्म. कढई बघून म्हणाल्या, "वा, काय स्वच्छता आहे!" मी बारा जणींकडे असं बघितलं, जणू सगळी कढई मी एकट्यानेच घासली होती.

भट्टी पेटली. मोटर फिरली. पाऊण तासात सॉसला उकळी आली, मोठमोठे बुडबुडे फुटायला लागले. मी हाताने पडदा सरकवावा तसं दाखवत म्हणालो, "आता बघा मॅडम, हा डोळा!"

डोळा म्हणाला एकेचाळीस.

मी म्हणालो, थांबा. थांबलो. त्रेचाळीस. परत एकेचाळीस. मॅडमनी मोटर बंद करायला लावली, पिशवीतून स्वतःची सळई काढून सॉसमध्ये बुडवली. त्र्याण्णव.

"गुरुजी, सॉस उत्तम शिजलाय," त्या म्हणाल्या. "पण तुमचं यंत्र बावन्न अंशांनी चुकतंय. मी कागदावर काय लिहू? असं यंत्र असेल तर मंजुरी देता येणार नाही मला."

भट्टीतली लाकडं तेवढी तडतडत होती. बाराजणी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, विश्वास होता. ते जास्त वाईट होतं. मी म्हणालो, "मॅडम, आज सोमवार नाही ना?" त्या म्हणाल्या, बुधवार. मग मी वीज सांगितली. मग पूर्व दिशा सांगितली. बोलता बोलता मलाच माझा आवाज ऐकू यायला लागला. वर्गात तपासणीला साहेब आले की मी असाच भराभर बोलायचो, त्यांनी प्रश्न विचारू नये म्हणून.

मी थांबलो. म्हणालो, "मॅडम, खरं सांगतो. का चुकतंय ते मला माहीत नाही. माझ्यामुळे या बायकांना नापास करू नका. यंत्र मी निवडलं, आणि मला यातलं काही येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य चारचौघांत बोललो.

मॅडम माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. "त्या ताईंना काहीतरी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

वळून बघतो तर साळूबाई. उजवा हात सरळ वर, कोपर कानाला टेकलेलं, तर्जनी उभी. माशी एकही नव्हती.

"बोला ना साळूबाई," मी म्हणालो.

हात खाली घेतला त्यांनी. "गुरुजी, कढई घासली का ह्यो डोळा खोटं बोलतो. काळी झाली का खरं बोलतो. म्या तीनदा बघितलं. रईवारी घासायची, सोमवारी ह्याचं बिघडायचं. त्याला वाराचं काय ठावं."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"हात वर केला हुता की. तुमी वर्गात म्हनायचे, हात वर करा, मी विचारल्याबिगर मधी बोलायचं न्हाई. सहावीत लई मार खाल्ला मी तुमचा त्यापायी." आणि पदराआड हसल्या. "साळू गवारे, गुरुजी. खिडकीपाशी बसायची. तुमाला न्हाई आठवायची."

नाही आठवली. अजूनही लिहिताना आठवत नाही. माझी पहिली तुकडी ती.

साळूबाईंनी भट्टीच्या तोंडाची काजळी चिंधीवर घेतली, गोडेतेलाचा थेंब टाकला आणि चिंधी उलथन्याच्या टोकाला गुंडाळून कढईच्या बाजूला, नेमकं डोळ्यासमोर, भाकरीएवढं काळं गोल लिंपलं. माझ्या घासण्यावर, माझ्या त्या आरशावर. आकडा पळायला लागला. पंचावन्न. सत्तर. पंच्याऐंशी. एक्क्याण्णव.

आणि तेव्हा माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, वर्गात सांगायचो त्याच चालीत: "काळा, खडबडीत पृष्ठभाग उष्णता अधिक प्रमाणात उत्सर्जित करतो. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग कमी उत्सर्जित करतो." दोन मार्कांचा प्रश्न. दरवर्षी यायचा. चौतीस वर्षं मी तो लिहून दिला, पाठ करून घेतला, न येणाऱ्याला छडी मारली. आणि काल तोच पृष्ठभाग चिंच लावून स्वतःच्या हाताने घासला.

मला हसू फुटलं. आवरेना. पोट धरून मी विटांवर बसलो, आणि मग बायकाही सुटल्या, मॅडमची जाळीची टोपी हसून हसून कपाळावर आली. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

मॅडमनी शेवटी डोळे पुसून फॉर्म भरला. भट्टीला लावतात त्या काळ्या रंगाने तो गोल कायमचा रंगवायचा, त्याला कुणी घासायचं नाही. रोज एका घाण्याला मोटर बंद करून सळईने पडताळायचं. आणि तापमानाची जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी. "वरिष्ठांशी बोलून शुक्रवारी कळवते," म्हणाल्या आणि फॉर्मची एक प्रत आमच्याकडे ठेवून गेल्या.

२५ सप्टेंबर, गुरुवार

जेवण गेलं नाही. एलिझाबेथने आज एकदाही चिडवलं नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटतेय. डॅनीला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "काका, त्या सेटिंगने थोडं जुळवता आलं असतं, पण काजळीच बरी. मी पुढच्या गिऱ्हाइकाला हेच सांगणार." खिडकीतलं माहितीपुस्तक काढलं. चौदाव्या पानावर सगळं लिहिलंय, चित्रासकट. चित्र चांगलं आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मंजूर! मंजूर! वर्षभराची ऑर्डर!

साडेअकराला मॅडमचा फोन आला. मी शेडपर्यंत पळत गेलो, साठाव्या वर्षी, एक चप्पल वाटेत सुटली. बायकांनी कढईभोवती फुगड्या घातल्या. एलिझाबेथ माझी चप्पल हातात घेऊन मागून आली आणि तिनेही एक फुगडी घातली.

सगळं शांत झाल्यावर फॉर्मची शेवटची ओळ भरायची राहिली होती, तापमान प्रभारी. बायका म्हणाल्या, गुरुजींचंच नाव घाला. मी पेन घेतलं आणि साळूबाईंचं नाव लिहिलं, सासर-माहेर दोन्ही आडनावांसकट, सावकाश, फळ्यावर लिहायचो तसं वळणदार.

ती कागदाकडे बघत राहिली. "गुरुजी, मला जमंल का हे?"

"साळू," मी म्हणालो, "मला येत नसताना मी चौतीस वर्षं शिकवलं. तुला तर येतंय."

तिने पेन घेतलं आणि सही केली.